तीन साखळ्यांचा पॅसेज

हॉस्पिटलचा तो पॅसेज तीस मीटरचा आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चौतीस वर्षं भूमी अभिलेखमध्ये मोजणीची नोकरी केली, नजरेनं अंतर कळतं. नोकरीच्या सुरवातीला आमच्याकडं साखळी असायची, तेहेतीस फुटांची, म्हणजे एक गुंठ्याची बाजू. पुढं टेप आले, मग मशीन आलं, पण डोक्यात अजून साखळीच आहे. तो पॅसेज तीन साखळ्या, त्यात अर्धा फूट कमी. दोन्ही टोकांना रस्त्यावर ठेवतात तसले केशरी कोन, जमिनीवर दर तीन मीटरला चिकटपट्टी, मध्ये भिंतीला लागून दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर. आणि या टोकाला आमची ही, साडीच्या निऱ्या थोड्या वर खोचून, मुलानं घेऊन दिलेले नवे बूट घालून उभी.

सहा मिनिटं चालायचं. बस, एवढीच टेस्ट. मी मनात म्हटलं, साताऱ्याहून पुण्याला गाडी करून आलो, सकाळी सहाला निघालो, ते हिला चालताना बघायला? चालताना तर मी हिला बत्तीस वर्षं बघतोय.

म्हणजे असं मला वाटायचं.

आजाराचं नाव पल्मनरी हायपरटेन्शन. फुप्फुसातलं बीपी. हे नातेवाइकांना समजावणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं. कुणीही आलं की पहिला प्रश्न, "बीपी निघालं म्हणे? लसूण द्या सकाळी उपाशीपोटी, लोणचं बंद करा." अहो, हिचं दंडाचं बीपी एकशे दहा-सत्तर आहे, तुमच्या माझ्यापेक्षा चांगलं! हे बीपी तिथं नाहीच. हृदयाचे दोन भाग असतात, डावा भाग सगळ्या अंगाला रक्त पुरवतो त्याचं ते १२०/८०, ते पट्ट्यानं मोजता येतं. उजवा भाग तेवढंच रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसात पाठवतो, त्याला जोर लागतच नाही, तिथलं सरासरी प्रेशर चांगल्या माणसात १४ च्या आसपास. त्यामुळं उजव्या बाजूची भिंतही पातळ. तळमजल्याच्या टाकीपुरती घेतलेली लहान मोटर समजा. आता फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आतून जाड झाल्या, अरुंद झाल्या, की त्याच मोटरला पाचव्या मजल्यावर पाणी चढवायला लावल्यासारखं होतं. ती चढवते. काही दिवस, काही वर्षं चढवते, मग मोठी होते, फुगते, थकते.

हिचं प्रेशर निघालं ४६. ते मोजायला मानेच्या शिरेतून नळी घालून पार हृदयाच्या पलीकडं न्यावी लागली, आधी इकोवर अंदाज आला होता पण डॉक्टर म्हणाले अंदाजावर आयुष्यभराची औषधं सुरू करत नाहीत. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण नजरअंदाजानं बांध घातले की पुढच्या दोन पिढ्या कोर्टात जातात हे मी पाहिलंय.

किती म्हणजे जास्त, असं मी विचारलं. वीसच्या वर गेलं की जास्त. पण ही हद्दसुद्धा सरकलेली आहे हे मला नंतर वाचताना कळलं. १९७३ साली जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेनं तज्ज्ञांची बैठक घेतली, ती का, तर साठच्या दशकाच्या शेवटी स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत भूक मारायची, वजन उतरवायची एक गोळी विकली जात होती, अमिनोरेक्स, आणि ती घेणाऱ्या बायकांना-पुरुषांना अचानक हा आजार व्हायला लागला. त्या बैठकीपासून २५ ही रेघ धरली गेली. पुढं २०१८ ला तज्ज्ञांनी सुचवलं की २० धरा, आणि २०२२ च्या युरोपियन गाइडलाइनमध्ये ते पक्कं झालं. म्हणजे फेरमोजणी होऊन हद्द पाच पावलं आत आली आणि काल निरोगी असलेली काही माणसं रातोरात पेशंटच्या गटात गेली. आमच्या खात्यात असं झालं असतं तर तहसीलवर मोर्चा आला असता.

ही मात्र जुन्या हद्दीनंही आतच होती, चांगली आत. आणि कारण? इडिओपॅथिक. डॉक्टर लोक ग्रीक बोलले की समजायचं त्यांना माहीत नाही. फुप्फुसात जुन्या गुठळ्या नाहीत ना ते स्कॅन करून बघितलं, हृदयाला जन्माचं भोक नाही ना, झडप खराब नाही ना, सांध्यांचे-त्वचेचे ते आजार नाहीत ना, सगळं नाही नाही नाही करत शेवटी उरलं ते इडिओपॅथिक.

हे कळायला अडीच वर्षं गेली. या आजारात एवढा उशीर जगभर होतो म्हणे, कारण धाप लागणे हे लक्षण कुठल्याही आजाराला चालतं. आधी आम्हाला एका ठिकाणी सांगितलं रक्त कमी आहे, मग पाळी जायचं वय, मग वजन कमी करा, मग एकानं तर टेन्शन घेता का असं विचारून झोपेची गोळी दिली. मी डॉक्टरांना दोष देऊन मोकळा झालो असतो, पण मी रोज बरोबर होतो त्याचं काय?

आता 'बरोबर' म्हणजे काय ते सांगतो. आमच्या पिढीत नवरा-बायको रस्त्यानं बरोबर चालत नाहीत. मी पुढं, ही चार पावलं मागं. पोवई नाक्यावरून राजपथानं राजवाड्याकडं येताना सगळा चढ आहे, तसा काही फार नाही, पण चढ तो चढ. मी पुढं चालायचो आणि मागं वळून म्हणायचो, "चल गं लवकर, दुकान बंद होईल." ही थांबलेली असायची. कधी कोथिंबिरीच्या गाडीपाशी भाव विचारत, कधी साडीच्या दुकानाच्या काचेपाशी, कधी कुणी ओळखीची बाई भेटली म्हणून. मी चिडायचो. हिला फार गप्पा लागतात, रस्त्यात दहा माणसं भेटतात हिला, असं मी सगळ्यांना हसत सांगायचोसुद्धा. कोथिंबीर तर ती घ्यायचीच नाही बऱ्याचदा. भाव विचारून नुसतीच पुढं यायची. आणि मला, जमिनीतला वीतभर फरक पकडणाऱ्या माणसाला, हे दिसलं नाही की ही कोथिंबीर बघत नाहीये, श्वास गोळा करतेय. लग्न झालं तेव्हा माझ्याबरोबर अजिंक्यताऱ्यावर न थांबता चढणारी बाई शेवटी शेवटी किल्ल्याखालच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंतसुद्धा येईना झाली, तरी मी म्हणायचो आळस.

तर तो पॅसेज.

टेस्ट घेणारी मुलगी पंचविशीची असेल. तिनं हिला आधी दहा मिनिटं खुर्चीत गप्प बसवलं. बोटाला ऑक्सिजनचा क्लिप लावला, नेलपेंट नाही ना बघितलं, बीपी घेतलं. मग एक कार्ड पुढं धरलं. त्यावर शून्य ते दहा आकडे आणि समोर शब्द, दम अजिबात नाही, अगदी किंचित, थोडा, बऱ्यापैकी, खूप, असं दहापर्यंत. याला बोर्ग स्केल म्हणतात, गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं काढलेली पट्टी. ऑक्सिजन यंत्राला कळतो, पण दम किती लागलाय हे यंत्राला कळत नाही, ते माणसालाच विचारावं लागतं. ही म्हणाली, "काही नाही, बरी आहे मी." ती मुलगी म्हणाली, "काकू, आकडा सांगा." आमची ही आणि आकडा! हिनं अर्ध्यावर बोट ठेवलं, त्या कार्डावर शून्य आणि एकच्या मध्ये अर्धासुद्धा आहे.

मग नियम सांगितले. पळायचं नाही. जमेल तेवढं जास्तीत जास्त अंतर चालायचं. दम लागला तर हळू व्हा, थांबा, भिंतीला टेका, पण घड्याळ थांबणार नाही. बोलायचं नाही. आणि मग माझ्याकडं वळून, "काका, तुम्ही इथं बसा, बरोबर चालायचं नाही." मी म्हटलं, चक्कर आली तर? ती म्हणाली मी आहे, पण मीसुद्धा शेजारून चालत नाही, कारण शेजारी कुणी असलं की माणूस त्याच्या वेगानं चालायला लागतो. आपल्याला काकूंचा वेग मोजायचाय.

मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की ही चालतेय आणि मी बसून बघतोय.

पहिल्या दोन चकरा झकास गेल्या. साडीत असूनसुद्धा अशी गेली की मला वाटलं उगाच आलो, हिला काही झालेलं नाही. एक मिनिट झालं तशी ती मुलगी अगदी सपाट आवाजात म्हणाली, "छान चाललंय काकू. अजून पाच मिनिटं." दुसऱ्या मिनिटाला, "असंच चालू ठेवा. अजून चार मिनिटं." तिसऱ्याला, "छान चाललंय. अर्धं झालं." मध्ये एक शब्द नाही. मला मात्र राहवेना, चौथ्या मिनिटाला ही कोनाला वळताना भिंतीला हात लावून थांबली, मान खाली, पदर हलत होता इतका श्वास, आणि मी खुर्चीतून अर्धा उठून म्हणालो, "चल चल, थोडंच राहिलंय!" तशी त्या मुलीनं माझ्याकडं अशी काही नजर टाकली की साहेबांनीसुद्धा कधी टाकली नव्हती.

ही बावीस सेकंद थांबली. मी मोजले. मग निघाली.

एकूण ३१२ मीटर. म्हणजे बरोबर एकतीस साखळ्या. ऑक्सिजन ९६ वरून ८७. ओठ जांभळट. आणि ती मुलगी कार्ड धरून विचारते, आता दम किती काकू, तर हिनं तीनवर बोट ठेवलं. "मध्यम." मी म्हटलं अगं खरं सांग. तर म्हणते, "मग काय दहा सांगू? दहा म्हणजे मेल्यावर."

नंतर चहा घेताना मी त्या मुलीची माफी मागितली. ती हसली, म्हणाली सगळेच काका असं करतात. पण मला त्या नियमाचं कुतूहल लागलं ते लागलंच. घरी येऊन मुलाला शोधायला लावलं. ती वाक्यं तिनं मनानं म्हटलेली नव्हती. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं २००२ मध्ये या टेस्टची नियमावली काढली, त्यात दर मिनिटाला कुठलं वाक्य म्हणायचं तेसुद्धा ठरवून दिलंय, आवाज एकसारखा ठेवायचा हेही. कारण काय, तर १९८४ मध्ये कॅनडात यावर अभ्यास झाला होता. फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या पेशंटना असंच सहा मिनिटं चालवलं, काहींना मधूनमधून शाबासकी दिली, काहींना गप्प चालू दिलं. नुसत्या शाबासकीनं अंतर तीसेक मीटरनं वाढलं.

तीस मीटर! एक पूर्ण पॅसेज. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. हिला जी गोळी सुरू झाली, सिल्डेनाफिल, तिची मोठी चाचणी २००५ मध्ये छापून आली, पावणेतीनशेच्या वर पेशंट होते, त्यात २० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा बारा आठवडे घेऊन जे अंतर वाढलं ते, खोट्या गोळीच्या तुलनेत, साधारण ४५ मीटर. मी दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत बसलो. हिशेब असा सरळ होत नाही हे मला कळतं, शाबासकीनं रक्तवाहिनी उघडत नाही, आणि ती माणसंही वेगळी, आजारही वेगळे. पण 'चल गं लवकर' या वाक्यानं किती मीटर कमी होत असतील याची चाचणी कुणी केलेली नाही, आणि मी ती वर्षानुवर्षं राजपथावर करत होतो.

त्या गोळीची एक गंमत सांगतो, कारण रडगाणंच झालं सगळं. सिल्डेनाफिल म्हणजे कोण, तर व्हायग्रा. तीच. आधी ती छातीदुखीसाठी शोधायला गेले होते, निघालं भलतंच, १९९८ ला ती पुरुषांसाठी बाजारात आली, आणि मग २००५ ला फुप्फुसासाठी मंजूर झाली, कारण फुप्फुसातल्या रक्तवाहिन्याही ती सैल करते. आता कल्पना करा, बासष्ट वर्षांचा, डोक्याला टक्कल, पायात कोल्हापुरी, असा मी औषधाच्या दुकानात जाऊन चिठ्ठी देतो. महिन्याच्या नव्वद गोळ्या. काउंटरवरच्या पोरानं चिठ्ठी वाचली, मला बघितलं, परत चिठ्ठी वाचली, आत जाऊन मालकाला घेऊन आला. मागं लायनीत आमच्या कॉलनीतले दोघं. मी मोठ्यांदा म्हणालो, "मिसेससाठी आहेत!" त्यानं प्रकरण जास्तच बिघडलं. हिला घरी येऊन सांगितलं तर इतकी हसली की धाप लागली, आणि मग धाप लागली म्हणून मी घाबरलो, तर आणखी हसायला लागली.

यात एक मात्र गंमत नाही. माझ्या खिशात सॉर्बिट्रेट असते, जिभेखाली ठेवायची, माझी अँजिओप्लास्टी झाल्यापासून. ही दोन औषधं एकत्र आली की बीपी धाडकन खाली येतं, जिवावर बेतू शकतं. आपल्याकडं कुणाच्याही छातीत दुखलं की शेजारीपाजारी पळत येऊन सॉर्बिट्रेट कोंबतात, म्हणून डॉक्टरांनी बजावलं, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मी फ्रिजवर कागद चिकटवलाय. एकाच घरात दोन हृदयाच्या गोळ्या आणि एकमेकींच्या वैरिणी.

चार महिन्यांनी परत पॅसेज. ३५१. मला वाटलं पेढे वाटावेत. पण डॉक्टरांना तेवढ्यावर समाधान नव्हतं, म्हणाले अजून मध्यम धोक्यात आहात, अंतर ४४० च्या पुढं गेलं तर कमी धोका, १६५ च्या खाली आलं तर फार, आणि मधला सगळा पट्टा हा मधला. मी म्हटलं साहेब, चार फूट अकरा इंचांची बाई आणि साडेपाच फुटांची बाई एकाच मापात कशा? पावलाची लांबीच वेगळी. त्यांना प्रश्न आवडला बहुतेक. म्हणाले बरोबर आहे, उंची, वय, गुडघे, सगळ्याचा फरक पडतो, म्हणून नुसत्या या आकड्यावर कुणी ठरवत नाही, रक्ताची तपासणी, इको, पेशंट काय सांगतो ते, सगळं एकत्र बघायचं. आणि यावेळी एक मोठी टेस्ट करू, सायकलवरची, म्हणजे कळेल की उरलेली धाप हृदय-फुप्फुसाची आहे की इतकी वर्षं कमी चालल्यामुळं पाय कमकुवत झालेत त्याची.

सायकल म्हटल्यावर मला टेन्शन. हिला विचारलं, जमेल का? तर हिचा चेहरा उजळला. कराडला माहेरी असताना भाड्याची सायकल मिळायची, तासावर, भावाबरोबर शिकली होती, आधी कैची मारून, नांगरातल्या बैलासारखी तिरकी होऊन, मग दांड्यावरून. लग्नानंतर सायकलला हात नाही. मला हे माहीतच नव्हतं. बत्तीस वर्षांत विषय निघाला नव्हता.

त्या खोलीत पंजाबी ड्रेस घालून ही सायकलवर बसली. सायकल जागेवरच, चाक नाही, नुसतं पॅडल. छातीवर ईसीजीच्या वायरी, दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला क्लिप, आणि तोंडा-नाकावर घट्ट मास्क, त्याला नळी, म्हणजे आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रत्येक श्वास मशीन मोजणार. मास्कमुळं बोलता येत नाही, खुणेनं सांगायचं. शेजारी डॉक्टर स्वतः उभे, कोपऱ्यात इमर्जन्सीची ट्रॉली. आधी तीन मिनिटं रिकामं पॅडल, मग दर मिनिटाला थोडा थोडा लोड वाढतो, चढ लागल्यासारखा. मी काचेच्या बाहेर. रिकामं पॅडल मारताना मास्कच्या वर हिचे डोळे हसत होते, एवढं मला दिसलं. मग हळूहळू ते डोळे आत गेले, कपाळाला आठी, पाय जड. चाळीस वॉटला हिनं हात वर केला. देव्हाऱ्यात आपण बल्ब लावायचो ना पूर्वी, तेवढी ताकद.

रिपोर्टमध्ये पानंच्या पानं रेघोट्या. डॉक्टरांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, जास्तीत जास्त मेहनत करताना शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते. हिचं किलोमागे मिनिटाला १२.६ मिलिलिटर. १५ च्या वर असतं तर चांगलं, ११ च्या खाली वाईट. म्हणजे इथंही मधल्या पट्ट्यात. दुसरी गोष्ट मला जास्त पटली. आपण श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, तर तेवढाच कार्बन डायऑक्साइड टाकायला हिला चांगल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा आत-बाहेर करावी लागते. का, तर हवा फुप्फुसाच्या सगळ्या कोपऱ्यात जाते पण रक्त तिथं पोचतच नाही. मी म्हटलं, म्हणजे एसटी वेळेवर सुटतेय पण स्टँडवर प्रवासी नाहीत, गाडी रिकामीच पळतेय. डॉक्टर म्हणाले एकदम करेक्ट, मी हे बाकीच्या पेशंटना सांगू का? सांगा म्हटलं.

बसल्या जागी हे काही दिसत नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बसलेल्या माणसाला मिनिटाला पाचेक लिटर रक्त पुरतं, तेवढं आजारी रक्तवाहिन्यांतूनही कसंबसं जातं. चांगल्या फुप्फुसात मेहनत करताना बंद असलेल्या वाहिन्या उघडतात, असलेल्या रुंद होतात, चौपट रक्त आलं तरी प्रेशर फार चढत नाही. हिच्यात तसं रुंद व्हायला जागाच राहिलेली नाही. म्हणून ही खुर्चीत बसून भाजी निवडताना कुणालाही ठणठणीत दिसते आणि दोन जिने चढली की पांढरी पडते. पाहुणे बसलेल्या बाईला बघून जातात आणि बाहेर जाऊन म्हणतात, काही नाही हो, चांगली तर दिसते.

त्या टेस्टनंतर दुसरी गोळी वाढवली, अँब्रिसेंटान, तिनं पाय थोडे सुजतात पण चाललंय. आणि फिजिओथेरपी लावली. यावर घरात दोन तट पडले. हिची मोठी जाऊ म्हणाली, अजिबात हलू देऊ नका, अशा माणसानं पडून राहावं. ती काही चुकीचं ऐकून आलेली नव्हती, पूर्वी डॉक्टरही हेच सांगायचे, मेहनत टाळा, उजवं हृदय बंद पडेल. मग २००६ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या लोकांनी तीस पेशंट घेऊन, औषधं चालू ठेवून, आधी तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये आणि मग बारा आठवडे घरी असा बेताचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी केला आणि ज्यांनी नाही केला त्यांच्यात शेवटी सहा मिनिटांच्या अंतरात शंभरच्यावर मीटरचा फरक. पण हे देखरेखीखाली, औषधं बसल्यावर, आणि चक्कर यायच्या कितीतरी आधी थांबून. आमच्या कॉलनीत एकजण यूट्यूब बघून प्राणायामाची स्पर्धा लावत बसलेत, त्यांच्या नादी या आजाराच्या माणसानं लागू नये. श्वास रोखून धरणे, गॅसची टाकी उचलणे, हे हिला पूर्ण बंद.

पुढच्या वेळी ३८८. आणि त्याच्या पुढच्या वेळी, परवा, ३७१. मी तर गाडीत बसल्यापासून गप्प. सतरा मीटर गेले कुठं? डॉक्टर शांत होते. म्हणाले, काका, साधारण ३३ मीटरचा फरक पडला तर पेशंटला काहीतरी जाणवण्यासारखा बदल झाला असं धरतात, त्याच्या आतलं रोजचं वरखाली आहे, झोप, जेवण, प्रवास. ३३ हा आकडा काही माझी पाठ सोडत नाही. आणि मलाच लाज वाटली, कारण शेतकऱ्यांना मी हेच सांगत आलो, दुपारच्या उन्हात साखळी तापली की वाढते, दोन मोजण्या कधी तंतोतंत जुळत नाहीत, त्यावरून भावाभावात डोकी फोडू नका. ही म्हणाली, "उपास होता माझा चतुर्थीचा. तुम्हाला सांगितलं असतं तर तारीख बदलली असती."

आता संध्याकाळी आम्ही दोघं घरासमोरच्या रस्त्यानं फिरतो. सपाट आहे, फाटकापासून पिंपळापर्यंत साडेसहा साखळ्या, हो, मोजलंय. सुरवातीला मी हिच्या शेजारून चालायचो, मग लक्षात आलं की मी शेजारी असलो की ही माझ्या वेगानं ओढली जाते, म्हणून मागून चालायला लागलो. चार पावलं मागं. ही थांबली की मीही थांबायचो, मोबाइल बघितल्यासारखं करायचो, चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं करायचो. मला वाटायचं जमतंय, हिला कळत नाहीये.

परवा पुण्याहून आल्यावर दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर पडलो तर ही थांबली, म्हणाली, "तुम्ही आधीसारखं पुढं चला बघू."

का गं?

"मागून कुणी बघत येतंय म्हटलं की जास्तच धाप लागते. त्या पॅसेजमध्ये आहे तेवढं पुरे. चला, व्हा पुढं."

गेलो पुढं. मागं वळायचं नाही असं ठरवून चाललो, हळूच चाललो, पिंपळापर्यंत न वळता गेलो. तिथं वळून पाहिलं तर ही पार निम्म्या रस्त्यात, कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीपाशी उभी. कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन काहीतरी विचारत होती. दमली म्हणून थांबली होती की खरंच कोथिंबीर हवी होती, ते एवढ्या लांबून मला दिसत नव्हतं.